टेबललँडचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांना, खालच्या खोऱ्यातून

प्रति,
पाचगणी-महाबळेश्वरच्या जागतिक वारसा प्रस्तावावर काम करणारे अधिकारी, भूशास्त्राचे अभ्यासक आणि या भागातले लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर घातली. केरळातले वर्कलाचे कडे, आंध्रातले तिरुमलाचे डोंगर, मेघालयातल्या गुहा आणि त्यांच्याच पंक्तीत पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खन ट्रॅप, म्हणजे लाव्हाच्या थरांचे डोंगर. बातमी आली तेव्हा वाईच्या बाजारात, पसरणीच्या पारावर, धोमच्या एसटी थांब्यावर लोक आनंदाने बोलत होते. सातारा जिल्ह्याला हे नवे नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास आणि कोयना यादीत गेले, जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर प्रतापगड गेला. आता रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या या डोंगराचा नंबर लागतोय, याचा अभिमान खोऱ्यातल्या प्रत्येकाला आहे. मलाही आहे.

संभाव्य यादीत नाव येणे ही पहिली पायरी. किमान वर्षभर त्या यादीत राहिल्यावर पूर्ण प्रस्ताव पाठवता येतो, आणि त्यात स्थळाची हद्द, भोवतीचा संरक्षित पट्टा आणि व्यवस्थापनाचा आराखडा असे सगळे लिहून द्यावे लागते. म्हणजे नकाशावर रेघ ओढायचे काम अजून व्हायचे आहे. एकदा ओढली गेली की ती पुसणे कोणाच्या हातात राहत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय.

माझे मागणे एकच आहे. टेबललँडची, म्हणजे पाचगणीच्या माथ्यावरच्या सपाट पठाराची, रेघ कड्याच्या काठावर संपवू नका. हा डोंगर जिथवर पाणी सोडतो तिथवर ती खाली आणा, आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या गावांना प्रस्तावात नावानिशी जागा द्या.

तुम्ही दगडाचे जाणकार आहात. दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, थरावर थर कसे साचले, हे तुम्हाला सांगायला मी कोण? पण या डोंगराचा माथा काळ्या कातळाचा नाही, तांबड्या जांभ्याचा आहे, आणि आमचा जीव त्या जांभ्यात अडकलेला आहे. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने वरच्या खडकातले जे विरघळण्यासारखे होते ते धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि त्याचे हे कठीण, भोकाभोकांचे टोपण तयार झाले. जांभा पाणी पितो. पावसाळ्यात पठारावर पडलेले पाणी या भोकांतून खाली झिरपते, जांभ्याखालच्या चिकण थरावर अडते आणि वाट मिळेल तिथे कड्याच्या पोटातून बाहेर येते. त्यालाच आम्ही झरा म्हणतो. उताराच्या वाड्यांची टाकी, गुरांची डबकी, ओढ्याचे उन्हाळ्यातले पाणी, सगळे त्याच्या जिवावर.

पावसाचा हिशेब बघितला की हे अधिक पटेल. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत तो जेमतेम एक तृतीयांशावर येतो आणि घाट उतरून वाईत आले की त्याच्याही निम्म्याखाली. खालच्या गावांना डोक्यावर पडणारा पाऊस पुरत नाही. वरचा पाऊस सावकाश खाली पोचतो, त्यावर रब्बी निघते. वाईची हळद बाजारात नावाजली जाते, तिच्यामागेही हेच पाणी आहे. पठार हे आमच्या खोऱ्याचे पाण्याचे कोठार आहे, आणि कोठाराचे छप्पर फोडून कोणी त्याची शोभा वाढवत नाही.

पण आजवर पठाराच्या नशिबी आले आहे ते तेच, सुशोभीकरण. बारा महिन्यांतले आठ महिने पठार उघडे, तांबडे, वाळके दिसते. बाहेरून आलेल्या माणसाला वाटते, इथे काहीच नाही. मग कोणाला तिथे झाडे लावावीशी वाटतात, कोणाला बाग, कोणाला बसायला बाक आणि सिमेंटचे रस्ते. हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. पण जांभ्यात खड्डे फोडून, बाहेरची माती आणून भरून झाड लावले की ते झाड जगो न जगो, त्या जागेवरचे मूळचे जीवन संपते. पाचगणी गावात इंग्रजांनी सिल्व्हर ओक लावले, ते ऑस्ट्रेलियातून आलेले झाड आज गावाची ओळख आहे, त्याला माझी हरकत नाही. पठारावर मात्र ते नको.

पठारावर मुळात काय आहे ते बघायचे तर श्रावण-भाद्रपदात, धुके असताना, घोड्यांच्या वाटेपासून दूर जाऊन जमिनीशी बसावे लागते. कातळात वीतभर खोलीची उथळ तळी साठलेली असतात. काठाला पांढऱ्या गेंदाची टाचणीच्या डोक्याएवढी फुले. त्यांच्यामध्ये सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पुंजका. दिसायला इतके नाजूक झाड, पण मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. जरा ओल्या मातीवर दवबिंदू नावाची वनस्पती असते, तिच्या लाल केसांवर चिकट थेंब आणि थेंबावर एखादे चिलट अडकलेले. मातीत नत्र फार कमी, म्हणून या झाडांनी किडे खायची सोय करून घेतली आहे. आणि पाण्याच्या तळाशी गवताच्या बारीक झुबक्यासारखे काहीतरी दिसते, ज्याला फूल येत नाही आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ते आयसोएटिस. नेच्यांच्या नात्यातली, फार जुन्या कुळातली ही वनस्पती. तिच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी पाचगणीचेच नाव दिले आहे, आयसोएटिस पंचगनिएन्सिस. पावसाळा सरला की ती मातीत गडप होते आणि पुढच्या मृगाची वाट बघते. तिच्या तळ्यावरून गाडीचे एक चाक गेले, किंवा कोणी 'तळे खोल करू, कडेला दगड बांधू' म्हणून फावडे घातले, की तिथली ती संपली.

म्हणून प्रस्तावात एक वाक्य ठामपणे यावे अशी माझी विनंती आहे: पठारावर वृक्षारोपण नाही, मातीचा भराव नाही, तळ्यांना बांधकाम नाही, प्रेक्षक सज्जे नाहीत, कायमस्वरूपी काहीही नाही. हे वाक्य नसेल तर वारशाचा निधी येईल आणि त्यातूनच पठार बुजवले जाईल, ही भीती मला खरोखर वाटते. निधी आला की तो खर्च करायची घाई होते आणि घाईत सिमेंट सगळ्यात सोपे पडते.

आता कड्याच्या काठावर या. पर्यटक इथे उभे राहून फोटो काढतात आणि मागचे सगळे 'व्हॅली' म्हणून सोडून देतात. त्या व्हॅलीत काय काय आहे ते मला सांगू द्या, कारण प्रस्तावाच्या कागदांत ते यावे असे मला मनापासून वाटते.

सहाशे मीटर खाली, उत्तरेच्या अंगाला कृष्णा वाहते. क्षेत्र महाबळेश्वरात उगम पावून ती बलकवडी आणि धोम या दोन धरणांतून वाट काढत वाईला येते. धोमचा जलाशय पठारावरून निळा आणि देखणा दिसतो. त्याच्या पाण्याखाली आमच्याच लोकांची घरे आणि शेते गेली, माणसे दूरच्या तालुक्यांत जाऊन वसली. धरणाच्या भिंतीजवळ धोम गाव, धौम्य ऋषींचे म्हणून सांगितले जाणारे. तिथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंड भरले की कासव नंदीला घेऊन पोहतेय असे वाटते. थोडे खाली मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून आणलेली अवजड घंटा. याच वाड्यातून मेणवली दफ्तराचे कागद मिळाले, ज्यांच्यावाचून उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिता येत नाही.

मग वाई. इथे मला जरा थांबावेसे वाटते. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधले. भक्त समोरून दर्शन घेतात आणि जातात. तुम्ही मागच्या बाजूला जाऊन बघा. देवळाची मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती होत पुढे आलेली आहे. देऊळ नदीच्या पात्रालगत, पुराच्या वाटेत. वरच्या डोंगरांवर पाऊस कोसळला की लोंढा याच भिंतीवर येतो आणि त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षे हे चालू आहे. ज्यांनी हे बांधले त्यांना वरचा डोंगर आणि खालचे देऊळ यांचे नाते माहीत होते. पाणी अडवायचे नाही, त्याला वाट द्यायची, हे त्यांनी दगडात करून ठेवले. भूशास्त्राच्या प्रस्तावात या भिंतीला जागा नसेल असे मला कोणी सांगितले तर मी विचारीन, मग जागा कशाला आहे?

वाईच्या घाटांवर माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि एका आळीकडून दुसऱ्या आळीकडे जात राहतो. १६५९ मध्ये अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हा महाराजांच्या यशासाठी कृष्णेला नवस बोलला गेला, त्यातून हा उत्सव आला असे सांगतात. नदीला देवी म्हणून आळीत आणायचे, तिची ओटी भरायची, सगळ्यांना प्रसाद द्यायचा. याच गावात नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा झाली, विनोबा तिथे शिकायला येऊन राहिले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशांनी इथेच बसून मराठी विश्वकोशाचे खंड घडवले. घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. वरच्या अंगाला भिलार, २०१७ पासून पुस्तकांचे गाव आणि त्याआधीपासून स्ट्रॉबेरीचे. समोर पांडवगड आणि त्याच्या पलीकडे मांढरदेवची काळुबाई, जिच्या यात्रेत जानेवारी २००५ मध्ये चेंगराचेंगरीत शेकडो माणसे गेली. गर्दीचे नियोजन डोंगरावर कसे करू नये, हे या खोऱ्याने फार मोठी किंमत मोजून पाहिलेले आहे. वारशाची पाटी लागल्यावर टेबललँडवर गर्दी वाढणारच, तेव्हा हे विसरून चालणार नाही.

पश्चिमेला वळलात तर पठाराची भावंडे दिसतात. एकेकाळी हे सगळे माथे एकाच सलग पातळीचे होते, नद्यांनी मधले कापून नेले, असे तुमचेच अभ्यासक सांगतात. मग एकट्या टेबललँडला का उचलायचे? कमळगडावर जा. तिथे कातळाच्या चिरेत पन्नासेक पायऱ्या उतरून जाणारी विहीर आहे, गेरूची किंवा कावेची विहीर म्हणतात. उतरताना दोन्ही भिंती हाताला लागतात आणि हात तांबडे होतात. खाली गारवा इतका की उन्हाळ्यातही अंगावर काटा यावा. डोंगराच्या पोटात शिरून खडकाची माती होताना बघायची असेल, तर मला तरी याहून चांगली जागा ठाऊक नाही. पलीकडे रायरेश्वर. तिथल्या पठारावर अजून माणसे राहतात, शिवाची पूजा करतात, नाचणी-गहू पिकवतात, आणि तिथली सात रंगांची माती बघायला लोक चढून जातात. शिवरायांच्या शपथेचे हे ठिकाण म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. पण खडकाच्या कहाणीतही ते तितकेच मोठे पान आहे. तालुका भोरचा की वाईचा, जिल्हा पुण्याचा की साताऱ्याचा, यावरून ते प्रस्तावातून गळू नये.

दक्षिणेच्या बाजूबद्दल फार कमी बोलले जाते. तिकडे कुडाळीचे खोरे आहे, जावळी तालुका. राजपुरीच्या गुहांत कार्तिकस्वामीचे ठाणे आहे आणि कुंडांत डोंगराचेच झिरपलेले पाणी. खाली महू आणि हातगेघरची धरणे, पुढे प्रतिपंढरपूर म्हणून आषाढीला गजबजणारे करहर, मग कुडाळ. या खोऱ्याला पर्यटनाचा पैसा मिळत नाही, डोंगरावरून येणारे सांडपाणी आणि प्लास्टिक मात्र मिळते. प्रस्तावाचा संरक्षित पट्टा आखताना कोणी फक्त कृष्णेच्या बाजूची देखणी दृश्ये धरली आणि कुडाळीची बाजू सोडली, तर तो अन्याय होईल.

डोंगर दुखावला की काय होते ते आम्ही जुलै २०२१ मध्ये पाहिले आहे. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात जोरला आणि कोंढावळ्याच्या देवरुखवाडीला डोंगर खाली आला. घरे गेली, माणसे गेली, भाताची खाचरे दगडांनी भरली. त्या पावसाला कोणी थांबवू शकत नव्हते हे मान्य. पण उतारावर कुठे रस्ता कापायचा, कुठे पाया खणायचा, कुठला ओढा बुजवायचा नाही, हे तर माणसाच्या हातात असते. पाचगणी-महाबळेश्वर परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, त्यालाही आता सुमारे पंचवीस वर्षे झाली. अधिसूचनेत बांधकाम, खाणकाम, वृक्षतोड यांवर बंधने आहेत, देखरेख समितीची तरतूद आहे. वारशाचा आराखडा करताना आधी तेवढे एक तपासा, की त्या बंधनांचे उतारावर प्रत्यक्षात काय झाले. कागदावर आणखी एक थर चढवण्याआधी खालचा थर किती घट्ट आहे ते बघायला हवे.

कासकडूनही शिकण्यासारखे आहे, चांगले आणि वाईट दोन्ही. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्यांनी फुलांच्या हंगामात पठार सांभाळले, दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली गेली, आधी नोंदणी करायची पद्धत आली, गावच्या पोरांना वाटाड्याचे काम मिळाले. गावांना विश्वासात घेतले म्हणून हे झाले. पण तिथेच कुंपण घातले गेले तेव्हा वादही झाला. गुरे चरायची थांबली तर गवत माजते आणि फुले कमी होतात, असे गुराखी आणि काही अभ्यासक सांगत राहिले, शेवटी कुंपण निघाले. टेबललँडवर ही चूक पुन्हा नको. पठार जपायचे म्हणजे माणसाला आणि जनावराला हाकलायचे, असा सोपा अर्थ कोणी काढू नये.

हे मी घोडेवाल्यांसाठीही लिहितोय. पठारावरचे घोडे, टपऱ्या, कणसे भाजणाऱ्या बायका, यांना प्रस्तावात 'अतिक्रमण' एवढ्या एका शब्दात उडवले जाण्याची मला धास्ती आहे. घोड्यांच्या टापांनी जांभ्याचा वरचा थर सुटतो, तळी तुडवली जातात, हे खरेच. मग घोड्यांची वाट ठरवून द्या, पावसाळ्यात तळ्यांचा भाग त्यांच्यासाठी बंद ठेवा आणि त्या महिन्यांत त्याच माणसांना पगारी राखणदार नेमा. पिढ्यान्पिढ्या पठारावर वावरलेल्या माणसाला कुठले तळे कधी भरते आणि कुठल्या कड्याची कपार सुटत चालली आहे हे ठाऊक असते. बाहेरून आणलेल्या सुरक्षा कंपनीच्या रखवालदाराला ते शिकवायला आयुष्य जाईल.

स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्यांशीही असेच बोलायला हवे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या पिकाने डोंगरावरच्या कित्येक घरांना पक्के छप्पर दिले. त्याबरोबर वाफे झाकायचे, मल्चिंगचे प्लास्टिक आले. हंगाम संपल्यावर त्याचे काय करायचे याची गावपातळीवर सोय नाही, मग काही जळते, काही ओढ्यात जाते, आणि ओढा कुठे जातो ते वर सांगितलेच आहे. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही. व्यवस्थापन आराखड्यात मल्चिंगचे प्लास्टिक परत घ्यायची व्यवस्था आणि हॉटेलांच्या सांडपाण्याची तपासणी या दोन गोष्टी नसतील, तर तो आराखडा सुंदर छायाचित्रांचे पुस्तक ठरेल.

आणखी एक. पाचगणी वसली ती दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेवर. एकोणिसाव्या शतकात चेसन साहेबाने तिथे बंगले, बागा आणल्या, पुढे निवासी शाळा आल्या, प्रसिद्धी आली. मूळची पाच गावे अजून तिथेच आहेत. या गावांच्या ग्रामसभांपुढे हा प्रस्ताव यायला हवा, आणि खालच्या पसरणी, मेणवली, धोम, भोगाव, राजपुरी, महू, हातगेघर इथल्याही. जागतिक वारशाच्या नियमांतच स्थानिकांच्या सहभागाला महत्त्व दिलेले आहे, तेव्हा मी काही जगावेगळे मागत नाही. प्रस्तावाचा मसुदा मराठीत छापा, नकाशे मोठ्या आकारात गावच्या चावडीवर लावा, आणि सह्या घेण्याआधी लोकांना तो वाचायला निदान महिनाभर द्या. इंग्रजीतला चारशे पानांचा दस्तऐवज संकेतस्थळावर टाकून 'हरकती मागवल्या' असे म्हणू नका.

सगळ्यात आधी करायचे काम मात्र अगदी साधे आहे, आणि त्याला फार खर्चही नाही. झरे मोजा. पठाराच्या भोवती कड्याच्या पोटाला किती झरे आहेत, त्यांतले किती बारमाही, किती होळीपर्यंत टिकतात, किती गेल्या काही वर्षांत आटले, ही यादी गावोगाव जाऊन करा. उपग्रहाच्या चित्रात ते सगळे दिसणार नाहीत. पाण्याला जाणाऱ्या बायका आणि गुराखी पोरे ते एका दिवसात दाखवतील. त्या झऱ्यांना जोडून जी रेघ निघेल, तीच या डोंगराची खरी हद्द समजा आणि वारशाचा संरक्षित पट्टा तिच्या आत बसवायचा प्रयत्न न करता तिच्या बाहेरून काढा.

पहिली बैठक हॉटेलच्या सभागृहात ठेवू नका. तिथे आमच्यातले निम्मे लोक आत यायलाच संकोचतात. धोमला नरसिंहाच्या देवळात ठेवा, दुसरी राजपुरीला. सुगीचे दिवस टाळून तारीख कळवा. आमच्या बाजूच्या वाड्यांमधल्या झऱ्यांची यादी करायला आम्ही आजपासून लागतोय; बैठकीला येताना ती घेऊन येऊ.

आपला,
कृष्णाकाठचा एक शेतकरी
तालुका वाई, जिल्हा सातारा